श्री सातेरी प्रसन्न: एका फायबर होडीच्या तळाच्या नोंदी

८ फेब्रुवारी २०२५

आज होडी पालथी घातली. शेजारचे आठ जण, चार जुने टायर, वाळूच्या पिशव्या आणि काकांचा आवाज. लांबी २२ फूट, मधोमध रुंदी ६ फूट, बांधणी फायबरची, साल १९९८. बाबा २०२१ च्या सुरुवातीला गेले, तेव्हापासून ती देवबागच्या घरामागे माडांखाली ओंडक्यांवर आहे. वरची ताडपत्री कधी फाटली ते आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही आणि चार पावसाळ्यांचं पाणी आत साचत राहिलं. याचं वाईट वाटतं. इथे लिहून ठेवते, कारण पुढे जे निघेल त्याचं मूळ बहुधा त्याच पाण्यात असणार. आतल्या बाजूला जेलकोट, म्हणजे बाहेरून असतो तो चकचकीत रेझिनचा थर, नसतो, नुसती काच आणि रेझिन. तिथून पाणी मुरायला कुणी अडवत नाही.

तळावरून हात फिरवला तर तळहात पांढरा झाला. ऊन खाऊन जेलकोटची भुकटी झाली आहे. पाण्याच्या रेषेखाली बोटांना बारीक फोड लागतात. समोरून बघितलं तर काही नाही, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मात्र सगळा तळ घामोळं आल्यासारखा दिसतो. पठाणावर, म्हणजे तळाच्या मधल्या कण्यावर, जिथे किनाऱ्यावर ओढताना ती ओंडक्यांवर घासायची, तिथे काचेचे धागे उघडे पडले आहेत.

काकांनी लहान हातोडी घेतली आणि नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, वीत-वीतभर अंतरावर ठोकत मागे गेले. मला जवळ बोलावून म्हणाले, "हय ऐक. हय टण वाजता. आता हय ऐक." दुसऱ्या जागी आवाज भद्द आला. असे तीन भाग निघाले, तिन्ही पठाणाच्या आसपास. खडूने गोल करून ठेवले. मग हातोडी खाली ठेवून त्यांनी एवढंच सांगितलं, "वरसून काय नाय. पोटात पानी आसा."

काकांनी होड्यांच्या कारखान्यात वीस वर्षं फायबरचं काम केलं. मी मालवणात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. त्यांना हाताने कळतं आणि मला पुस्तकातून. दोघांनी मिळून ही होडी पुन्हा पाण्यात घालायची, असं ठरलं आहे.

९ फेब्रुवारी

दिवसभर धुणं. विहिरीचं गोडं पाणी, नारळाची किशी, प्लास्टिकचे पातळ उलथने. चिकटलेल्या कवचांचे पांढरे गोल बुंधे राहिले होते, ते एकेक करून काढले. लोखंडी पटाशी काकांनी लावू दिली नाही, तिने जेलकोटला चरे पडतात. मीठ निघेपर्यंत धुवायचं. जिभेचं टोक लावून बघायची त्यांची पद्धत आहे. मीही बघितलं. दुपारी खारट होतं, संध्याकाळी नव्हतं.

१५ फेब्रुवारी

बारावीच्या परीक्षा सुरू झाल्या, त्यामुळे फक्त शनिवार-रविवार हातात.

आज फोड उघडले. आधी एक फूट लांब-रुंद चौकोन आखून मोजले: १४. दुसऱ्या ठिकाणी ९, मागच्या बाजूला २२. मग डोळ्यांवर चष्मा चढवून एक फोड टोच्याने फोडला. आतलं पाणी दाबाखाली असतं, ते पिचकारीसारखं उडालं आणि चष्म्यावर पडलं. चष्मा नसता तर डोळ्यात गेलं असतं. दोन बोटांमध्ये घेऊन बघितलं तर पातळ काकवीसारखं चिकट आणि वास थेट व्हिनेगरचा. कॉलेजातून पीएच कागद आणला होता. त्याचा रंग ४ च्या जवळ आला.

हे असं का होतं ते काकांना सांगितलं, आणि सांगताना माझंही नीट जुळलं. पॉलिस्टर रेझिन आम्ल आणि ग्लायकोल यांच्या जोडणीतून बनतं. जेलकोट चकचकीत दिसला तरी पाण्याची वाफ त्यातून अगदी सावकाश आत जाते. आत जिथे रेझिन नीट पिकलेलं, म्हणजे पुरतं कडक झालेलं, नसतं किंवा काचेत हवा राहिलेली असते, तिथे हे पाणी थांबतं आणि जोडणी तोडायला लागतं. सुटलेलं आम्ल आणि ग्लायकोल त्या थेंबात विरघळतात, थेंब दाट होतो आणि बाहेरचं पाणी आणखी ओढून घेतो. मनुका पाण्यात टाकली की फुगते तसंच. जागा संपली की जेलकोट वर उचलला जातो.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग नुसतं उन्हात ठेवून हे सुकेल का? प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. पाणी उडेल, पण ग्लायकोल सहजासहजी उडत नाही, तो आतच राहतो आणि हवेतला ओलावा पुन्हा खेचतो. म्हणून फोड उघडायचे, गोड्या पाण्याने, जमलं तर गरम पाण्याने, पुन्हापुन्हा धुवायचे आणि प्रत्येक धुण्यानंतर वाळवायचे. ग्लायकोल पाण्यात विरघळतो, हीच आपल्या हातातली एक गोष्ट.

२२ फेब्रुवारी

नाळेवरचा रंग घासायला घेतला. ८० नंबरचा पेपर, हाताने. वरचा निळा गेला, खाली हिरवा लागला, त्याखाली पांढरा. पांढऱ्यात एक लालसर सावली दिसली, म्हणून थांबले. २२० चा पेपर घेतला, पाणी लावलं आणि दोन बोटांनी हळूहळू घासत गेले. आधी "ते" ची मात्रा दिसली. मग "सा". अर्ध्या तासाने पूर्ण ओळ वर आली: श्री सातेरी प्रसन्न.

अक्षर बाबांचं. त्यांचा "स" असा असायचा की मधली आडवी रेघ काना ओलांडून थोडी पुढे जायची. घरातल्या वहीत, डब्यांवर, माझ्या पहिलीच्या पाटीवर सगळीकडे तोच "स". ही ओळ त्यांनी होडी नवीन असताना स्वतः काढली होती, हे आई सांगायची. मी ती कधी बघितली नव्हती, माझ्या आठवणीत ही होडी निळीच आहे.

हा भाग घासून नवा रंग द्यायचाच आहे, त्यामुळे अक्षरं राहणार नाहीत. बटर पेपर चिकटपट्टीने लावून पेन्सिलने जशीच्या तशी उतरवून घेतली, रंगाचा ओघळ होता तिथे ओघळही. अक्षरांची उंची ११ सेंटीमीटर, पहिल्या "श्री" पासून नाळेच्या कडेचं अंतर ३८ सेंटीमीटर. काका जवळ येऊन उभे राहिले होते. त्यांनी कागदाचं एक टोक धरलं, बोलले काही नाहीत.

१ आणि २ मार्च

ग्राइंडिंग. चार इंची ग्राइंडर, ४० नंबरची चकती, पाण्याच्या रेषेखालचा जेलकोट पूर्ण काढला. फक्त फोडांपुरतं काढावं असं मला वाटत होतं, पण एका फुटात २२ असतील तर मधली जागाही आज ना उद्या फुगणारच.

काचेच्या धुळीबद्दल: समुद्राच्या बाजूला शेजारणीच्या बांगड्यांचं आणि सुंगटांचं वाळवण असतं. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे आमची धूळ थेट तिच्या माशांवर आणि तिथून पाण्यात. दुपारी खारा वारा उलटला की धूळ आमच्या विहिरीकडे. दोन्ही चालणार नव्हतं. म्हणून चारी बाजूंनी ताडपत्री, त्याला आतून ओली गोणपाटं, आणि खाली प्लास्टिक. शेजारणीशी बोलून तिने दोन दिवस वाळवण अंगणात हलवलं. संध्याकाळी प्लास्टिकवरून सात किलोच्या आसपास भुकटी निघाली. ती पोत्यात बांधून ठेवली आहे, वाळूत पुरायची नाही.

पूर्ण बाह्या, गॉगल, फिल्टरचा मास्क. तरी मनगटांना खाज सुटलीच. काकांचा उपाय: सुरू करण्याआधी अंगाला टाल्कम पावडर, नंतर आधी थंड पाण्याने अंघोळ. गरम पाणी आधी घेतलं तर काच आणखी आत रुतते, असं ते म्हणतात. दुसऱ्या दिवशी तसं केलं, खरंच कमी त्रास झाला.

तीन भद्द जागांपैकी दोन वरवरच्या निघाल्या. तिसरीत, नाळेपासून सात फुटांवर, काचेचे थर एकमेकांपासून सुटले होते. तिथे तळहाताएवढा खड्डा झाला आहे. कडा उतरत्या घासल्या, जाडीच्या बारापट रुंद.

९ मार्च

वाळवणं सुरू. दर तीन दिवसांनी गरम पाण्याने धुणं, मग दिवसभर ऊन, सूर्य मावळायच्या आधी झाकणं. दंव पडतं, ते दिवसभराची मेहनत रात्रीत परत करतं. आर्द्रतेचं लहान यंत्र घेतलं. सकाळी ६ ला ८९ टक्के, दुपारी २ ला ५२. झाकणाखाली दोन बल्ब आणि एक टेबलपंखा रात्रभर.

कसोटी साधी: एक फूट लांब-रुंद जाड प्लास्टिक, चारी कडा चिकटपट्टीने बंद, २४ तास. आज सकाळी उघडलं तर आतून थेंबच थेंब.

१४ मार्च

शिमगा. हात लावला नाही.

१६ मार्च

प्लास्टिक: थेंब कमी, धुकं आहे.

२३ मार्च

प्लास्टिकच्या आत हलकं धुकं, फक्त मागच्या बाजूला. नाळेकडचा भाग मला कोरडा वाटला. पाडव्याला पहिला हात लावावा अशी माझी फार इच्छा होती. काकांना विचारलं, "काका, अजून किती दिस?" ते म्हणाले, "बाय, रंग मारूक येक दिस लागता. सुकूक लागता ता लागांदे." ते बाजारात गेल्यावर मी पुढच्या भागात दीड फुटाच्या चौकोनावर इपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या रेझिनचा, एक हात लावला. नमुना म्हणून, असं स्वतःला सांगितलं.

३० मार्च

गुढीपाडवा. गुढी उभारून मागे आले. चौकोन दुधाळ झाला होता आणि त्यात सुईच्या टोकाएवढी छिद्रं. कडेला पटाशी घातली तर अख्खा तुकडा कागदासारखा निघून आला. पाठ ओलसर होती, नखाने घासल्यावर तोच व्हिनेगरचा वास.

काकांना दाखवला. ते रागावले नाहीत. पटाशी माझ्या हातातून घेतली आणि कडेचे राहिलेले तुकडे स्वतः खरवडून काढले. हा नमुना मी अंगणातल्या खुंटीला दोऱ्याने टांगून ठेवला आहे. वर्गात दाखवायचा आहे.

एक आठवडा वाया गेला असं लिहिणार होते, पण तसं नाही. तो चौकोन लावला नसता तर संपूर्ण तळ असाच लावला असता.

६ एप्रिल

सहा ठिकाणी प्लास्टिक. पाच कोरडी. मागे एक धुकट.

१२ एप्रिल

सहाही कोरडी. काल दुपारी लावली होती, आज दुपारी उघडली. काकांनी हातोडी फिरवली. खड्ड्याच्या भोवती आता सगळीकडे टण.

आज साहित्याचा निर्णय पक्का केला. काकांचा हात पॉलिस्टरवर बसलेला आहे, त्यात हार्डनर टक्का-दोन टक्के लागतो, स्वस्तही पडतं. पण जुन्या, पिकलेल्या पॉलिस्टरवर इपॉक्सी जास्त घट्ट धरते आणि पाण्याला जास्त अडवते. उलट इपॉक्सीवर पॉलिस्टरचा जेलकोट नीट धरत नाही. म्हणजे एकदा इपॉक्सी लावली की वरती जेलकोटचा विचार सोडायचा आणि दोन डब्यांचा पॉलियुरेथेन रंग लावायचा. आणखी एक गोष्ट: काकांची नेहमीची चिरलेल्या धाग्यांची मॅट ज्या चिकटाने बांधलेली असते तो पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, मॅट ताठ राहते, वळणावर बसत नाही. म्हणून विणलेलं कापड घेतलं. काकांनी दोन्हीचे तुकडे बोटांवर वळवून बघितले आणि मान डोलावली.

१३ एप्रिल

खड्डे भरले. सिलिकाची पूड मिसळलेली इपॉक्सी, घट्टपणा लोण्याइतका, पाण्याखालच्या भागात पोकळ गोळ्यांचं फिलर टाळलं.

वेळेबद्दल. सकाळी लावायला घेतलं तर दिवस चढतो तशी होडी तापते, बारीक भोकांतली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या इपॉक्सीत बुडबुडे करते. दुपारी ४ नंतर, तळ उतरत्या उन्हात निवत असताना लावली की हवा आकसते आणि रेझिन आत ओढून घेते. मात्र दंवाच्या आत ती घट्ट व्हायला हवी आणि झाकणाखाली हवा कोरडी हवी. आमच्याकडे मधला वेळ जेमतेम तीन तासांचा मिळतो.

मिश्रण वजनावर, स्वयंपाकघरातल्या काट्यावर, एका वेळी १५० ग्रॅमच. पहिल्या वेळी अर्धा किलो एकाच मगात केलं तर बाराव्या मिनिटाला मग हाताला चटका द्यायला लागला आणि धूर निघाला. आता मिसळून लगेच पसरट ताटलीत ओततो. थर पातळ असला की उष्णता निघून जाते.

१९ आणि २० एप्रिल

पठाण. कापडाचे तीन थर, पहिला सगळ्यात लहान, वरचा सगळ्यात मोठा. आधी जागेवर रेझिन, मग कापड, मग लोखंडी खाचांचा रोलर मधून कडेकडे. कोरडं कापड पांढरं असतं. रेझिन भिनत जातं तसं ते काचेसारखं पारदर्शक होतं आणि खालच्या पेन्सिलच्या खुणा दिसायला लागतात. जिथे पांढरा ठिपका राहिला तिथे हवा आहे. काका रोलर असा फिरवतात की कापड जागेवरून एक सूतही हलत नाही. मी दाबते फार, त्यामुळे रेझिन पिळून निघतं आणि कापड कोरडं पडतं. दुसऱ्या दिवशी बरं जमलं.

२६ एप्रिल

पिकलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो आधी पाण्याने आणि हिरव्या घासणीने धुवायचा. धुवायच्या आधी पेपर मारला तर तो घासला न जाता आत चोळला जातो.

मग लांब फळीवर ८० चा पेपर, दोघांनी दोन टोकं धरून तिरप्या रेघांत. रात्री बॅटरी तळाला टेकवून बघितलं, खोलगट जागा सावलीत दिसतात. काका मात्र डोळे मिटून तळहात फिरवतात आणि बॅटरीच्या आधी सांगतात.

१ मे

सुट्टी. पाणी अडवणाऱ्या इपॉक्सीचा पहिला थर. हिशोब: पाण्याखालचा भाग सुमारे १० चौरस मीटर, सुकल्यावर जाडी पाव मिलिमीटर हवी, म्हणजे अडीच लिटर नुसता होडीवर, रोलरमध्ये जाईल ते वेगळं. पाच थर, एक राखाडी एक पांढरा असे आलटून पालटून. कुठे सुटलं ते लगेच दिसतं.

५ मे

बारावीचा निकाल. दिवसभर कॉलेजात. संध्याकाळी चौथा थर.

११ मे

रंग. पॉलियुरेथेन, वरच्या बाजूंना पांढरा. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा वास येईपर्यंत धोका होऊन गेलेला असतो, त्यामुळे वासावर विसंबायचं नाही. फवारा वापरला नाही. काका रोलर पुढे नेत होते, मी मागून मऊ ब्रशच्या टोकाने बुडबुडे फोडत होते, दोघांच्या तोंडावर काडतुसाचे मास्क. रोलर न थांबता पुढे न्यायचा, मागे वळून दुरुस्ती करायची नाही. एक माशी बसली. तिला तशीच राहू दिली, सुकल्यावर काढली.

१७ मे

दुसरा हात १२ ला झाला होता. आज बटर पेपर. मागच्या बाजूने खडू घासला, मोजून ३८ सेंटीमीटरवर लावला, पेन्सिलने अक्षरं उमटवली. लाल रंग काकांनी कालवून दिला, ब्रश मी धरला. "स" ची रेघ काना ओलांडून पुढे गेली. ओघळ मात्र काढला नाही.

२१ मे

पाऊस, दिवसभर. वळवाचा म्हणावा तर थांबतच नाही. होडी पत्र्याखाली, सुकी.

२५ मे

मान्सून काल केरळात आला आणि आज आपल्याकडे. इतक्या लवकर! वेळापत्रकात मी ३१ मे धरून चालले होते. २३ मार्चचा चौकोन तसाच रेटला असता तर आज सगळा तळ उघडा पडला असता.

२९ मे

नौदलाची शिडाची नौका तारिणी पृथ्वीप्रदक्षिणा करून आज गोव्यात परतली. तिच्यावर नौदलाच्या दिलना आणि रूपा दोघीच, २ ऑक्टोबरला निघाल्या होत्या, जवळपास आठ महिने. तीही फायबरची, गोव्यातच बांधलेली. फेब्रुवारीत आम्ही फोड मोजत होतो तेव्हा त्या दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालत होत्या. काकांनी मोबाइलवरचा फोटो मोठा करून आधी तिचा तळ पाण्याजवळ कसा दिसतो ते बघितलं.

१२ जुलै

पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैपर्यंत. आत साठलेलं पाणी हेच मूळ होतं, म्हणून मागे तळाशी पितळी बूच बसवलं. जमिनीवर असताना ते कायम उघडं. आतून दोन हात इपॉक्सी.

तळाला तांब्याचा विषारी रंग लावायचा का, यावर बरंच बोललो. तांबं झिजत झिजत पाण्यात जातं, कवचं बसत नाहीत ती त्यामुळेच. कथिलाचे रंग तर २००८ पासून जगभर बंद आहेत. आमची होडी कर्लीच्या खाडीत उभी राहणार, आणि मालवणचं सागरी अभयारण्य, पोवळ्यांसकट, जवळच आहे. २२ फुटी होडी सहा माणसांत वर येते. दर उधाणाला ओढून घासायची, असं ठरलं. बाबाही तसंच करायचे.

८ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. नारळ आईने सोडला.

१० ऑगस्ट

होडी पाण्यात. तासाभराने आत हात घातला, कोरडी.

२४ ऑगस्ट

काल अमावास्या झाली, आज उधाणाच्या भरतीला वर घेतली. बुधवारी गणपती, त्यामुळे माणसं मिळायला वेळ लागला. तळावर हिरवा बुळबुळीत थर, किशीने निघाला. कवचं मोहरीएवढी, चार-पाचच. नाळेपासून चार फुटांवर डाव्या अंगाला बोटभर लांबीचा ओरखडा आहे, राखाडी थरापर्यंत गेलेला, पांढऱ्यापर्यंत नाही. धुऊन ठेवला. प्लास्टिक लावलं आहे, उद्या संध्याकाळी उघडायचं.